पहिला पंधरवडा आणि दहा बोटं: पत्र्या-लोखंडाच्या कारखान्यात नव्यानं लागणाऱ्यांसाठी

कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की प्रेसशॉपच्या गेटवर नवी पोरं दिसू लागतात. अमळनेर, पारोळा, एरंडोल, यावल, कुठून कुठून आलेली. कोणी बारावी झालेलं, कोणी आयटीआय अर्धवट सोडलेलं, कोणी थेट शेतातून आलेलं. जळगावची एमआयडीसी घ्या, धुळ्याचं अवधान घ्या, नाहीतर नरडाणा, चित्र सारखंच. ठेकेदार नाव लिहून घेतो, दहा मिनिटं मशीन दाखवतो आणि म्हणतो, "लाग कामाला." त्या दहा मिनिटांत जे सांगायचं राहून जातं, ते इथे लिहितो आहे.

मी चोवीस वर्षं पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं किंवा त्याला आकार द्यायचं मशीन, चालवण्यात आणि त्यात डाय, म्हणजे साचा, बसवण्यात काढली. डाव्या तर्जनीचं वरचं पेर कामाच्या तिसऱ्याच महिन्यात गेलं. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, डायमध्ये तिरका बसला होता, मी तो बोटानं सरळ करायला गेलो आणि उजवा पाय पेडलवर तसाच राहिला. सगळे म्हणाले, लक्ष द्यायला हवं होतं. कित्येक वर्षं मलाही तेच वाटायचं. आता वाटत नाही. एका पाळीत दोन-अडीच हजार वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष एकदाही ढळणार नाही, असं धरून जे काम मांडलंय ते कामच चुकीचं मांडलंय. सावध राहायचंच, पण हात आत न घालता काम होईल अशी सोय मागायलाही पहिल्या दिवसापासून शिकायचं.

घरून निघताना

अंगठी काढून घरी ठेवा. लग्नातली असली, साखरपुड्याची असली तरी. अंगठी एखाद्या खिळ्यात, पत्र्याच्या कडेत किंवा फिरत्या भागात अडकली की ती बोटावरून सुटून येत नाही. बोटाची कातडी, नसा आणि रक्तवाहिन्या सोलवटून ती सोबत ओढून नेते. असं बोट डॉक्टरांनाही वाचवायला फार अवघड जातं. हाड शाबूत असतं, पण त्याला रक्त पोचवणारं काही उरलेलं नसतं.

कडं, घड्याळ, मनगटाचा काळा दोरा, देवाचा गंडा, श्रावणातली राखी यांनाही हाच नियम. राखी तोडायला जीव होत नाही हे मी समजतो. मग ती पाळीपुरती सोडून खिशात ठेवा, घरी जाताना पुन्हा बांधा. बहिणीला कारण सांगितलंत तर तीच आधी सोडायला लावेल.

बाही एकतर घट्ट बटणाची हवी, नाहीतर कोपराच्या वर दुमडलेली. लोंबती, सैल बाही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळायची सवय सगळ्यांनाच असते. रस्त्यावर ती चांगलीच, पण लेथ किंवा ड्रिलपाशी त्या रुमालाचं लोंबतं टोक म्हणजे गळ्यातला फास. बायांनी पदर किंवा ओढणी खोचून वर ॲप्रन बांधावा आणि केस टोपीत घ्यावेत.

पहिला दिवस: हात मागे, डोळे पुढे

पहिला अर्धा तास मशीनला हात लावू नका. शेजारी उभं राहून बघा. पॅन्टच्या मागच्या खिशात हात घालून उभे राहिलात तरी चालेल, मी नव्या पोरांना तसंच उभं करतो. कडबाकुट्टीवर किंवा मळणीयंत्रावर काम केलेल्या पोराला एक गोष्ट आधीच कळलेली असते: जिथे दोन भाग जवळ येतात, किंवा एक भाग फिरतो आणि दुसरा स्थिर असतो, तिथे हात ओढला जातो. तीच नजर इथे वापरा. बेल्ट पुलीवर चढतो ती जागा, दोन गिअरचे दात भिडतात ती, दोन रोलर एकमेकांकडे फिरतात ती, पंच, म्हणजे वरून मारणारं हत्यार, डायमध्ये उतरतो ती. आपल्या मशीनवर अशा किती जागा आहेत ते मोजा.

मग ऑपरेटरला विचारा, "भाऊ, हे बंद कुठून होतं?" इमर्जन्सीचं लाल बटण कुठे आहे आणि मेन स्विच कुठे आहे, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. बटण दाबून बघायला सांगा. ज्या बटणाचा उपयोग कधीच झालेला नाही, ते चालतंच असं नाही.

यानंतर दोन प्रश्न विचाराच. बंद केल्यावर हे किती वेळ फिरत राहतं? आणि एकदा स्ट्रोक, म्हणजे पंचाचा एक फेरा, सुरू झाला की तो मधे थांबवता येतो का? जुन्या ऑपरेटरला हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून तो आपणहून सांगत नाही. पण तुमची बोटं या दोन उत्तरांवर अवलंबून आहेत.

पॉवर प्रेस

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या ओळीत ज्यांची बोटं गेली त्यातल्या बहुतेकांची प्रेसवरच गेली.

जुनी यांत्रिक प्रेस चालते कशी ते आधी समजून घ्या. मोटर एक जड फ्लायव्हील फिरवत असते आणि ते सतत फिरतं. पेडल दाबलं की क्लचमधली चावी, म्हणजे फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट जोडणारी खीळ, सुटते, फ्लायव्हीलचा जोर क्रँकशाफ्टला मिळतो, रॅम, म्हणजे पंच धरलेला वरचा जड भाग, खाली येतो, पंच मारतो, वर जातो, आणि चावी पुन्हा बाहेर निघून रॅम वर थांबतो. हे पूर्ण वर्तुळ आहे. एकदा चावी पकडली की मधे थांबणं नाही. लाल बटण दाबलं तर मोटर बंद होईल, पण फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर तो स्ट्रोक पूर्ण करूनच सोडेल. अशा प्रेससमोर प्रकाशाचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, बसवून "आता सेफ झालं" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो पडदा मधेच थांबू शकणाऱ्या प्रेसना, म्हणजे घर्षण क्लचच्या, हवेवर चालणाऱ्या किंवा हायड्रॉलिक प्रेसना उपयोगी. चावीच्या क्लचला तो थांबवू शकत नाही.

आता हिशेब करू. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद, आणि खाली यायला अर्धा सेकंद. माणसाचा हात सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगानं पुढे जातो असं सुरक्षेच्या हिशेबात धरतात. म्हणजे अर्ध्या सेकंदात हात ८० सेंटिमीटर जाऊ शकतो. दोन हातांनी दाबायची बटणं डायपासून वीतभर अंतरावर बसवली असतील, तर बटण सोडून हात आत पोचायला वेळ पुरतो. म्हणून बटणं इतकी लांब हवीत की पंच खाली पोचेपर्यंत हात तिथवर जाऊच शकणार नाही. क्लच पकडायला लागणारा वेळ यात वेगळा मिळवावा लागतो, त्यामुळे अंतर आणखी वाढतं. आणि दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक सुटला पाहिजे. एक बटण काडीनं किंवा चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं दिसलं तर ती प्रेस चालवायला घेऊ नका.

पेडलवर लोखंडी झाकण हवं. वरून पडलेला जॉब किंवा चुकून पडलेला पाय पेडल दाबू शकणार नाही असं. प्रत्येक जॉबनंतर पाय पेडलवरून पूर्ण उचलून बाजूला ठेवायची सवय लावा. पाय पेडलवर ठेवून वाट बघणारा माणूस जॉब सरळ करायला वाकतो आणि शरीराचा तोल त्याच पायावर येतो. माझं नेमकं हेच झालं.

हात आत जाऊच नये यासाठी सोयी अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच स्वस्त आहेत. पत्रा जिथून आत सरकतो तेवढीच फट ठेवून बाकी डाय जाळीनं झाकता येतो. फट इतकी अरुंद हवी की पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. लहान जॉबसाठी चिमटा किंवा लोहचुंबकाची काठी. चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा मऊ धातूचा असला तर पंचाखाली आला तरी डाय फुटत नाही, आणि शेठला तोच मुद्दा जास्त पटतो. जॉब घरंगळत डायमध्ये जाईल अशी उताराची पट्टी लावता येते. तयार जॉब हवेच्या फुंकरीनं बाहेर पडेल अशी नळी लावता येते. यातलं काहीच नसेल तर निदान चिमटा द्या म्हणा. चिमट्यानं उत्पादन पहिले दोन दिवस कमी निघतं, तिसऱ्या दिवशी हात बसतो.

एक खूण लक्षात ठेवा. रॅम वर येऊन एका ठरलेल्या जागी थांबायला हवा. तो रोजच्यापेक्षा थोडा पुढे सरकून थांबत असेल, हलकासा डुलत असेल, किंवा "टक" असा नवा आवाज येत असेल, तर ब्रेक ढिला आहे किंवा चावी झिजली आहे. अशी प्रेस पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक मारते. आम्ही त्याला "डबल मारणं" म्हणतो. एकदा डबल मारली की त्या प्रेसवर काम थांबवायचं, मेन बंद करायचं, फिटरला बोलवायचं. "एकदाच झालं" असं म्हणून पुढे चालू ठेवणाऱ्यांची बोटं पुढच्या तासाभरात गेलेली मी पाहिली आहेत.

डाय बसवताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे जाड लोखंडी टेकू, ठेवल्याशिवाय हात आत नाही. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरतं. ते पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघून मगच टेकू लावा. नवख्या माणसानं पहिले सहा महिने डाय बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेथ, ड्रिल आणि हातमोजे

"हातमोजे घाल" हा सल्ला अर्धा आहे. पत्रा उचलताना, कापलेल्या कडा हाताळताना, गरम जॉब धरताना हातमोजे हवेतच, आणि तेही कापण्याला दाद न देणारे, नुसते सुती नव्हेत. पण लेथवर, ड्रिलवर, मिलिंगवर, जिथे काहीही फिरतं आहे तिथे हातमोजे काढून ठेवायचे. उघड्या बोटाला फिरतं ड्रिल लागलं तर जखम होईल. तेच ड्रिल मोज्याच्या धाग्यात अडकलं तर बोट, मग हात, मग मनगट गुंडाळत नेतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर फिरणारा चक, म्हणजे लेथवर जॉब पकडणारा भाग, सेकंदाला १० वेळा फिरतो. माणसाला दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागतो. तोवर अडीच फेरे झालेले असतात.

लेथवर आणखी दोन गोष्टी. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एक सेकंदही नाही. आणि फिरत्या जॉबवर एमरी पेपर बोटांत गुंडाळून पॉलिश करायचं नाही. कागद जॉबला चिकटतो आणि बोटासकट फिरतो. लाकडी पट्टीवर चढवून धरा.

ड्रिलवर छोटा पत्रा हातात धरून भोक पाडायची खोड शेतातल्या जुगाडातून येते. भोक आरपार पडतं त्या क्षणी ड्रिल पत्र्यात अडकतं आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो. व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये बांधा. बुरा निघालेला हातानं ओढू नका. लांब वेटोळ्याचा बुरा ब्लेडसारखा कापतो. ब्रश किंवा आकडी वापरा. हवेच्या पाइपनं बुरा उडवून कपडे झाडणं तर अजिबात नाही.

ग्राइंडरचं थोडक्यात. बेंच ग्राइंडरचा टूल रेस्ट, म्हणजे जॉब टेकवायची पट्टी, आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आणि त्यामागून बोट आत ओढलं जातं. हातातल्या अँगल ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढून मोठं चाक बसवलेलं दिसलं तर ते उचलू नका. चाकावर लिहिलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त किंवा तेवढेच हवेत. मोठ्या चाकावर ते कमी असतात, म्हणून ते फुटतं.

शिअरिंगवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, पत्रा दाबून धरणारे पाय पात्याच्या आधी खाली येतात आणि तेही बोट चेंगरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बेंडिंगवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, दोघं काम करत असाल तर पेडल एकाच्याच ताब्यात, आणि दुसऱ्यानं तोंडानं "हो" म्हटल्याशिवाय दाबायचं नाही. मान हलवणं चालत नाही.

अडकलं तर, आणि लाइट गेली तर

जॉब अडकला, बेल्ट घसरला, तेल द्यायचं आहे, साफ करायचं आहे. हात यात जास्त जातात, कारण इथे गार्ड काढलेलं असतं आणि वर घाई असते. क्रम असा: आजूबाजूच्यांना सांगा, मशीन बंद करा, मेनवरून बंद करा, मेनला तुमचं कुलूप लावा आणि चावी तुमच्याच खिशात ठेवा. मग साठलेला जोर मोकळा करा: फ्लायव्हील थांबू द्या, हवेचा दाब सोडा, रॅमला टेकू द्या. शेवटी चालू करायचं बटण दाबून खात्री करा की ते चालू होत नाही. त्यानंतर हात.

कुलपाची सोय नसलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मेनवर पुठ्ठा लटकवा: "काम सुरू आहे, चालू करू नका." पुठ्ठ्याइतकाच माणूसही महत्त्वाचा. दुसरी पाळी येताना हे सांगितलं गेलं नाही तर नवा ऑपरेटर पुठ्ठा बाजूला सारून मेन ओढतो.

लाइट जाण्याचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. लाइट गेली की मशीन थांबतं आणि पोरं बिनधास्त हात घालून अडकलेला जॉब काढू लागतात. लाइट परत आली की स्टार्टर नीट नसलेलं मशीन आपोआप सुरू होतं. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. तुमच्या मशीनला ती सोय आहे का ते पहिल्याच आठवड्यात विचारा. माहीत नसेल तर लाइट जाताक्षणी पहिलं काम मेन बंद करणं.

नाही कसं म्हणायचं

नवख्या पोराला सगळ्यात अवघड हेच जातं. सुपरवायझरला "गार्ड लावल्याशिवाय चालवणार नाही" म्हटलं तर उद्या कामावर बोलावणार नाहीत, ही भीती खरी आहे. मी असं म्हणायला शिकवतो: "साहेब, मी नवा आहे, मला चिमटा द्या, नाहीतर माझ्याकडून डाय फुटेल." किंवा "ही डबल मारते आहे, फिटरला एकदा दाखवू?" काम टाळायचं नाही, सुरक्षित करायचं आहे, हे बोलण्यातून कळलं की बहुतेक जण ऐकतात. एकटं बोलण्यापेक्षा ओळीतल्या दोघा-तिघांनी मिळून बोललेलं बरं. आमच्या शेजारचे एक आबा नव्या पोराला ओरडायचे नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "घाई नको करू रे भो, मशीन काई पळी जाई नही राह्यनं." त्या एका वाक्यानं किती बोटं वाचली असतील.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. फिरत्या आणि धोक्याच्या भागांना भक्कम गार्ड हवं असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमानं घालून दिलं. चालत्या मशीनला तेल देणं किंवा ते तपासणं हे खास शिकवलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या माणसाचंच काम, हे २२ व्या कलमानं. २०२० च्या श्रमसंहितांनी कायद्यांची मांडणी बदलली तरी कामगार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. दाद मागायची जागा म्हणजे राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

आणि एक गोष्ट उलट बाजूनं. गार्ड स्वतः मुद्दाम काढून काम केलंत आणि बोट गेलं, तर नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकाला हात झटकायला वाट मिळते. गार्ड तुम्ही येण्याआधीच काढलेलं असेल तर तसा फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवा.

लागलंच तर

मशीन थांबवा. हात अडकलेला असेल तर ओढू नका. मशीन उलटं फिरवायचं की भाग खोलायचा हे ज्याला ते मशीन माहीत आहे त्यानंच ठरवायचं. बाकीच्यांनी त्या माणसाला आधार द्यायचा, कारण घेरी येऊन तो खाली पडला तर हात आणखी फाटतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. दहा मिनिटं सलग दाबा, मधेच उघडून बघू नका. हळद, चुना, चहा पावडर, ग्रीस, काही भरू नका. डॉक्टरांना ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं आणि त्यात वेळ जातो. बोटाच्या मुळाशी तार किंवा रबर आवळून बांधू नका. त्याच हातातली अंगठी राहिलेली असेल तर सूज यायच्या आत काढा. खायला-प्यायला काही देऊ नका, चहासुद्धा नाही. कदाचित लगेच भूल द्यावी लागेल.

बोट तुटून पडलं असेल तर ते शोधा. डायमध्ये, पत्र्याच्या ढिगात, मोज्याच्या आत. मोजा कापून बोट काढत बसू नका, मोज्यासकटच न्या. सुटं बोट सापडलं तर सलाइननं ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागला तर ते गोठून मरतं, आणि नुसत्या पाण्यात बुडवलं तर फुगतं. आमच्या ओळखीच्या एका पोराचं बोट मित्रांनी चांगल्या भावनेनं थेट बर्फाच्या गोळ्यात दाबून नेलं होतं. ते जोडता आलं नाही.

तुटलेलं बोट जोडता येतं. जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर होते. नीट थंड ठेवलेलं बोट बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ टिकतं. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर त्यात स्नायू असतात आणि वेळ खूपच कमी मिळतो. प्रत्येक चेंगरलेलं बोट जोडता येतं असं नाही, पण तो निर्णय सर्जनचा. म्हणून १०८ ला फोन करा, आणि सोबतच हाताच्या किंवा प्लॅस्टिक सर्जरीच्या डॉक्टरची सोय कुठे आहे ते विचारून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, रक्त थांबवणं आणि पहिले उपचार तिथे होतात. पुढे नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायची वेळ आली तर धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून संभाजीनगर, दोन्ही अंतरं साधारण दीडशे ते एकशेसाठ किलोमीटर आहेत. म्हणजे तीन-साडेतीन तास. फोन करून तिथे सर्जन आहे याची खात्री करूनच निघा, रस्त्यात दवाखाने शोधत फिरू नका. हे नंबर अपघात व्हायच्या आधी मशीनशेजारच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

एक जखम फसवी असते. ग्रीस गनमधून किंवा हायड्रॉलिक पाइपच्या बारीक फटीतून उडालेलं तेल बोटात घुसलं तर बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि दुखतही नाही. आत मात्र तेल बोटभर पसरलेलं असतं. काही तासांत बोट काळं पडू शकतं. हायड्रॉलिकची गळती बोटानं शोधू नका, पुठ्ठ्यानं शोधा. आणि असं भोक पडलं तर "काही नाही" न म्हणता त्याच तासात दवाखान्यात जा, कोणत्या दाबाचं तेल घुसलं ते सांगा.

दवाखान्यात काय सांगायचं

खरं सांगायचं. "घरी लागलं", "मोटारसायकलवरून पडलो" असं सांगायला लावणारे भेटतील, दवाखान्याचा खर्च करतो म्हणतील. केसपेपरवर एकदा घरचा अपघात लिहिला गेला की नंतर काहीही सिद्ध करणं कठीण जातं. मशीनचं नाव, वेळ, कारखाना केसपेपरवर लिहून घ्या. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते घरच्या माणसाला बघायला पाठवा. सोबत कोण कोण होतं त्यांची नावं आणि मशीनचा फोटो ठेवा.

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू असते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या अपघातासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. उपचार मिळतात, बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, आणि बोट कायमचं गेलं तर दरमहा पैसे मिळतात. म्हणून कामाला लागताच ईएसआयचा नंबर मागा. ठेकेदाराकडून लागलात तरी.

ईएसआय लागू नसेल तर १९२३ पासूनचा नुकसानभरपाईचा कायदा आहे, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. त्याच्या तक्त्यात प्रत्येक बोटाची टक्केवारी दिलेली आहे: पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५०. पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, आणि त्यावर ही टक्केवारी, असा हिशेब. पंचवीस वर्षांच्या पोराचा पगार १२,००० असेल तर ७,२०० गुणिले २१६.९१, म्हणजे १५,६१,७५२. पूर्ण तर्जनी गेली असेल तर त्याचे १४ टक्के, २,१८,६४५ रुपये. कोणी दहा-वीस हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर हा आकडा आठवा. दावा करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, पण इतकं थांबू नका.

टाके निघाले की लोक समजतात झालं. हाताचं खरं काम तेव्हा सुरू होतं. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून बोट वाकवायचा व्यायाम रोज करा, दुखलं तरी. हलवलं नाही तर शिवलेलं बोट कडक होऊन बसतं आणि मूठ वळत नाही. मी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मऊ चेंडू दाबायचो, चार महिने. आणि प्रेसवर परत जायच्या आधी शर्टची बटणं, पाण्याचा तांब्या, मोटारसायकलचा क्लच, तिन्ही त्या हातानं नीट जमतात का ते बघा. जमत नसेल तर डॉक्टरांकडून हलक्या कामाची चिठ्ठी घ्या आणि तीच सुपरवायझरच्या हातात द्या.